मदत हवी आहे: एसटीपी पॅकरला चीर पडली आहे, वासही जात नाही. सिलिकॉन दुरुस्त कसं करायचं?

धागाकर्ता: आडवाटेचा_पांथस्थ

नमस्कार मंडळी. ट्रान्स पुरुषांसाठीचं जे सिलिकॉनचं प्रोस्थेटिक मिळतं, म्हणजे एकाच वस्तूत पॅकर (अंतर्वस्त्रात ठेवायचं कृत्रिम लिंग) आणि एसटीपी (उभ्याने लघवी करण्यासाठी), त्याबद्दल मदत हवी आहे. वस्तू दोन वर्षांची आहे आणि रोज आठ-दहा तास वापरात असते.

१. आतल्या कपाच्या मागच्या कडेला, मधोमध, साधारण २ सेंमीची चीर पडली आहे. कड तिथे जेमतेम दोन-अडीच मिमी जाड आहे. वापरताना तिथून गळतं.
२. चिरेवर सुपरग्लू लावला होता. दोन दिवसांत सुटला आणि आता त्याची कडक कपची मांडीला टोचते.
३. रोज साबणाने धुऊनही नळीतून अमोनियासारखा वास येतो. आत हात फिरवला तर खरखरीत लागतं.
४. बाहेरच्या बाजूला काळपट-निळसर डाग आहेत.

उकळलं तर चालेल का? नवीन मागवायचं तर परदेशातून यायला वेळ लागतो आणि खर्चही बराच, त्यामुळे आहे तेच वाचवायचं आहे. आणखी एक अडचण म्हणजे फ्लॅटमध्ये रूममेट आहेत. वस्तू उघड्यावर वाळत घालता येत नाही आणि सध्या पाऊस आहे.

प्रतिसाद: करवतकाठी

दादा, उकळायच्या आधी ते सिलिकॉनच आहे ना याची खात्री करा. ‘सिलिकॉन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त वस्तू पुष्कळदा टीपीईच्या (थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमर, रबरासारखं मऊ प्लास्टिक) असतात. टीपीई उकळत्या पाण्यात मऊ पडून आकार सोडतं, आणि सच्छिद्र असल्यामुळे आत मुरलेला वास कधीच पूर्ण जात नाही. त्याच्या दुरुस्तीची रीतही निराळी आहे.

हाताला कळणारी खूण अशी: स्वच्छ धुऊन वाळवलेली वस्तू कागदावर रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर तेलकट ठसा उमटला तर टीपीईचा संशय घ्या. पक्कं करायचं असेल तर साच्याच्या सांध्यावर राहिलेला जादा पापुद्रा असतो, त्यातला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापा, चिमट्यात धरा आणि खिडकीपाशी काडीने पेटवा. सिलिकॉन वितळत नाही, ठिबकत नाही, मागे पांढरी राख ठेवतं. टीपीई वितळून ठिबकतं आणि काळा धूर सोडतं.

आडवाटेचा_पांथस्थ

दोन्ही करून पाहिलं. कागद कोरडा, राख पांढरी. म्हणजे सिलिकॉनच. आत सळई किंवा चुंबक काही नाही, रंग वरून मारलेला नाही, सिलिकॉनमध्येच मिसळलेला आहे.

प्रतिसाद: करवतकाठी

मग उकळता येईल, पण आत्ता नाही. आधी वासाचं बघू, कारण दुरुस्तीसाठी वस्तू आतून-बाहेरून अगदी स्वच्छ लागते.

आतला खरखरीतपणा म्हणजे लघवीतले क्षार. लघवीतल्या युरियाचं जिवाणू अमोनिया करतात, त्याने उरलेला थेंब अल्कधर्मी होतो आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे फॉस्फेट भिंतीवर बसतात. त्या खडबडीत थरात जिवाणू आणखी ठाण मांडतात. साबण तेल आणि घाम काढतो, क्षार काढत नाही. त्यासाठी आम्ल लागतं. नुसतं उकळूनही तो थर तिथेच राहील.

- किराणा दुकानातलं साधं पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी समप्रमाणात घ्या. वस्तू पूर्ण बुडेल असं ठेवा, नळीत हवेचा बुडबुडा अडकू देऊ नका. अर्धा तास. व्हिनेगर नसेल तर पेलाभर कोमट पाण्यात एक छोटा चमचा लिंबूसत्त्व.
- बाळाच्या दुधाच्या बाटलीचं निप्पल धुण्याचा मऊ ब्रश नळीत फिरवा. तारेचा ब्रश नको. त्याचे ओरखडे म्हणजे पुढच्या थराला बसायला जागा, आणि पुढच्या चिरेची सुरुवात.
- खरखर लागत असेल तर ताजं पाणी घेऊन पुन्हा एकदा. दोन वर्षांचा थर एका बैठकीत जाईलच असं नाही.
- शेवटी बिनवासाचा सौम्य साबण आणि भरपूर पाणी.

ब्लीच अजिबात नको. व्हिनेगरबरोबर तर मुळीच नको, त्यातून क्लोरीन वायू निघतो. बाथरूममध्ये कोंडून घेऊन हे उद्योग करताना तो जिवावर बेतू शकतो.

यापुढे रोजचं एवढंच: वापर झाल्या झाल्या साध्या पाण्याने नळी धुवायची. बाहेर असताना २०० मिलीची बाटली जवळ ठेवा. थेंब वाळायच्या आत धुतला तर क्षार बसतच नाहीत. रात्री साबण, आठवड्यातून एकदा व्हिनेगर.

प्रतिसाद: रबरी_शिक्का

आता चिरेकडे वळतो. साचेकामात सिलिकॉनशी रोजचा संबंध आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पिकलेल्या, म्हणजे घट्ट होऊन तयार झालेल्या, सिलिकॉनला सिलिकॉनशिवाय काहीही नीट चिकटत नाही. सुपरग्लू, इपॉक्सी, रबर सोल्यूशन, सायकल पंक्चरचं ठिगळ, सगळे सुटणार. सुपरग्लू वर कडक थर करतो आणि खालचं सिलिकॉन ताणलं की त्या थराच्या काठाशी सगळा ताण येतो. म्हणजे चीर तिथून पुढे सरकते. त्यामुळे आधी तो पूर्ण काढा. जागा उलट्या बाजूला वाकवली की पापुद्रा उचलला जातो, बोटाच्या पेराने चोळून काढा. ब्लेड लावू नका. चिरेच्या आत कण राहिला तर नवा चिकटा त्या कणाला धरेल, सिलिकॉनला नाही.

चिकटा कुठला घ्यायचा: एका घटकाचा आरटीव्ही (खोलीच्या तापमानाला पिकणारा) सिलिकॉन अॅडहेसिव्ह. सिल-पॉक्सी हा त्यातला प्रसिद्ध, साचेकामाचं किंवा मेकअप-इफेक्ट्सचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. हार्डवेअरच्या दुकानातली बाथरूम सीलंटची नळी घेऊ नका. तिच्यात बहुधा बुरशीनाशक असतं आणि ही जागा रोज आठ-दहा तास नाजूक त्वचेला लागून राहणार आहे. ‘वरून रंग देता येईल’ असं लिहिलेलं सीलंट तर बऱ्याचदा शुद्ध सिलिकॉनच नसतं.

कृती:

साबणाने धुऊन पूर्ण एक दिवस वाळवा. चिरेत पाणी अडकतं, ते दिसत नाही. मग जागा वाकवून चिरेचं तोंड उघडा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन्ही भिंती पुसा आणि पंधरा मिनिटं थांबा. यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल पुरेसं असतं सांधा सुटायला.

टूथपिकने दोन्ही भिंतींना चिकट्याचा पातळ थर द्या, अर्ध्या मिलिमीटरहून कमी. जास्त लावलं म्हणजे मजबूत, असं इथे होत नाही. हा चिकटा हवेतल्या ओलाव्याने पिकतो. जाड गोळा वरून पिकतो आणि आत ओला राहतो. चिरेची दोन्ही टोकं मात्र चुकवू नका, चीर पुढे वाढते ती टोकांतूनच. कडा जुळवा, वर पॉलिथिनचा तुकडा ठेवून दहा मिनिटं दाबून धरा. पॉलिथिनला सिलिकॉन चिकटत नाही. मग ते काढून घ्या, नाहीतर खाली ओलावा पोचणार नाही. २४ तास हलवू नका. पावसाळा आहे हे इथे तुमच्या पथ्यावर पडेल, दमट हवेत लवकर पिकतो.

प्रतिसाद: रबरी_शिक्का

(पुढे.) एवढ्यावर थांबलात तर महिन्या-दोन महिन्यांत त्याच जागी पुन्हा फाटेल. कड पातळ आहे आणि चालताना दर पावलाला तिथे घडी पडते. म्हणून आतून जाळीचं ठिगळ द्या.

जुन्या नायलॉन स्टॉकिंगचा किंवा बारीक ट्यूलचा (जाळीदार कापडाचा) तुकडा घ्या, चिरेच्या चारही बाजूंनी १ सेंमी जास्त. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा पहिला उचलला जातो. जागा पुन्हा अल्कोहोलने पुसून चिकट्याचा पातळ थर द्या, जाळी त्यात बसवा, बोथट काडीने दाबून हवा काढा. जाळीच्या भोकांतून चिकटा वर आला पाहिजे. तासाभराने वरून दुसरा पातळ थर द्या आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने गुळगुळीत करा. साबणाचं बोट फक्त या शेवटच्या थराला. आधी वापरलंत तर साबणाच्या पापुद्र्यावर पुढचा थर धरणारच नाही. सगळं मिळून जाडी १ मिमीच्या आत ठेवा, नाहीतर ठिगळाचा काठ जांघेत घासेल.

पिकताना चिकट्याला वास येईल; आंबट असला तर तो ॲसेटिक ॲसिडचा. वास पूर्ण जाईपर्यंत, साधारण आठवडाभर, अंगाला लावू नका. त्यानंतर बेसिनवर धरून २०० मिली पाणी हळूहळू ओता, बाहेरून टिश्यू गुंडाळून. टिश्यू कोरडा राहिला तर तसंच वाकवून पुन्हा ओता. गळती बहुतेक वेळा वाकवल्यावरच दिसते.

प्रतिसाद: निळाशार

इकोफ्लेक्स ००-३० सारखं प्लॅटिनम सिलिकॉन (प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने पिकणारं) दोन भाग मिसळून भरलं तर? ते जास्त मऊ असतं आणि मूळ वस्तूच्या जवळचं.

प्रतिसाद: रबरी_शिक्का

मोठा खड्डा भरायचा असेल तर तेच बरं. वजनाने समान भाग, उदाहरणार्थ ५ ग्रॅम आणि ५ ग्रॅम, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर, आणि भांड्याच्या कडा खरवडत तीन मिनिटं ढवळायचं. २३ अंशांना ४५ मिनिटं हातात मिळतात आणि ४ तासांत पिकतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वेळ बरीच कमी मिळते.

पण दोन गोष्टी सांभाळा. लेटेक्सचे हातमोजे वापरले तर त्यातल्या गंधकामुळे ते पिकत नाही, कायम चिकट राहतं. व्हिनाइलचे घ्या. आणि आधी आरटीव्ही लावलेल्या जागेवर प्लॅटिनम ओतू नका, तेही अडण्याचा धोका असतो. दोन्हींतलं काय वापरायचं ते आधी ठरवा. पातळ कडेच्या २ सेंमी चिरेला आरटीव्ही आणि जाळीच योग्य, असं माझं मत.

आडवाटेचा_पांथस्थ

खूप आभार. उकळण्याचं आणि डागांचं राहिलं. आणि वाळवायचं कसं?

प्रतिसाद: करवतकाठी

उकळणं: सुपरग्लू काढल्यावर, व्हिनेगर झाल्यावर आणि दुरुस्तीच्या *आधी* एकदा. वेगळं पातेलं, तळाला सुती फडकं, पाणी उकळल्यावर ५ मिनिटं. थंड होईपर्यंत चिमट्याने ओढू नका. दुरुस्तीनंतर आठवडाभर उकळू नका. पुढे महिन्यातून एकदा बास.

डाग: ते काळ्या-निळ्या कपड्यांच्या रंगाचे आहेत. रंग सिलिकॉनच्या आत शिरतो, त्यामुळे घासून निघत नाही. अपायकारक नाहीत, राहू द्या. रॉकेल-टर्पेंटाइनने पुसायला जाऊ नका, सिलिकॉन ते शोषून फुगतं. नवी गडद अंतर्वस्त्रं दोन-तीनदा धुऊनच वापरा. हळदीचा डाग असेल तर मात्र काही तास उन्हात ठेवला की फिकटतो. खोबरेल तेल, व्हॅसलिन, केसांचं सीरम लागू देऊ नका. सीरममध्ये सिलिकॉन तेलच असतं, त्याने पृष्ठभाग मऊ आणि चिकट होतो.

वाळवणं: टिश्यूने आतून टिपा, नळीत टिश्यूची सुरळी घालून दहा मिनिटांनी काढा. मग नळीचं तोंड खाली येईल असं सुती पिशवीत घालून कपाटाच्या दाराला आतून टांगा, दार थोडं उघडं आणि पंख्याच्या वाऱ्यात. बाहेरून ती मोज्यांची पिशवी वाटते, कुणी विचारत नाही. ओली असताना झिपच्या पाकिटात कधीच नाही. वाळल्यावर कॉर्नफ्लोअरची चिमूट बाहेरून लावून झटका, नळीत नको, तिथे त्याची खळ होते. टाल्क नको. ठेवताना वर कपड्यांचा ढीग येऊ देऊ नका आणि टीपीईच्या वस्तूला चिकटून ठेवू नका.

प्रतिसाद: निळाशार

कॉर्नफ्लोअरबद्दल एक पुस्ती. जांघेत नायटा किंवा लाल खाज असेल तर पावडर बंद, आणि बरं होईपर्यंत वस्तूही बंद. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं खाजेचं मलम स्वतःहून आणू नका, त्याने नायटा दबतो आणि मग पसरतो. डॉक्टरांना ‘इथे सिलिकॉनची वस्तू घासते’ एवढं सांगितलं तरी उपचाराला पुरतं. पुन्हा वापरण्याआधी वस्तू उकळा आणि अंतर्वस्त्रं गरम पाण्यात धुऊन घ्या.

आडवाटेचा_पांथस्थ

चीर मागच्याच कडेला का पडली असावी? दुरुस्त केल्यावर तिथेच पुन्हा पडू नये म्हणून विचारतो.

प्रतिसाद: रबरी_शिक्का

चिरेची सुरुवात कडेवरून झाली आहे की कडेच्या थोडं आतून, ते भिंगातून बघा. कडेवरून असेल तर नखाचं काम असतं. घाईत बाहेर काढताना आपण कड चिमटीत धरून ओढतो आणि नखाची अर्धगोल खूण राहते, तिथून फाटतं. वस्तू तळाच्या जाड भागाला धरून काढायची, नखं कापलेली ठेवायची. आतून असेल तर अंतर्वस्त्राची मधली शिवण तिथे दाबते आहे. शिवण एका बाजूला असलेली, पुढे खिसा असलेली अंतर्वस्त्रं घ्या किंवा शिवणीवर मऊ सुती पट्टी शिवून घ्या. सेफ्टी पिन लावत असाल तर आजच थांबवा.

आडवाटेचा_पांथस्थ

भिंगातून पाहिलं. कडेवर दोन अर्धगोल खुणा आहेत, एकीतून चीर गेली आहे. दुसरी अजून फाटलेली नाही, जेमतेम अर्धा मिमी खोल. तिलाही आत्ताच चिकटा लावू का?

प्रतिसाद: रबरी_शिक्का

हो, त्याच वेळी. फक्त टूथपिकच्या टोकाएवढा. आणि ठिगळाची जाळी दोन्ही खुणा झाकेल एवढी कापा.