अँजिओप्लास्टी झालेल्या वडिलांना ओमेगा-३, कोक्यू-१० आणि अर्जुनाचे पूरक द्यावे का?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६६ असून गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवला आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन पूर्वीपासून चालू होतेच. आता त्यात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलसाठी रोसुव्हास्टॅटिन आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन यांची भर पडली आहे. घर पूर्ण शाकाहारी आहे.

आमच्या नात्यातले एक काका पूरक आहाराची उत्पादने विकतात. त्यांनी दिवाळीच्या सुमारास ‘हृदयासाठी’ म्हणून तीन डबे आणून दिले. एकात ओमेगा-३च्या कॅप्सूल आहेत, दुसऱ्यात कोक्यू-१० (पेशींना ऊर्जा तयार करायला मदत करणारा, शरीरातही बनणारा घटक) आणि तिसऱ्यात लसूण, अर्जुनसाल व लाल यीस्ट तांदूळ यांच्या अर्काचे मिश्रण. तिन्हींचा महिन्याचा खर्च डॉक्टरांच्या सगळ्या गोळ्यांपेक्षा जास्त आहे. खर्चाचे एक वेळ राहू दे, पण ‘सहा महिन्यांत कोलेस्टेरॉलची गोळी बंद करता येईल’ असे काकांनी सांगितले आणि वडिलांना ते मनापासून पटले आहे, कारण त्यांच्या मांड्या दुखतात आणि ते त्याचे खापर त्याच गोळीवर फोडतात. या तिन्ही गोष्टींचा हृदयाला खरोखर किती उपयोग होतो आणि चालू औषधांबरोबर त्या घेणे सुरक्षित आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गोदावरी_फार्मा (नाशिक)

मी औषधनिर्माता आहे आणि दुकानात हाच प्रश्न सतत विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहितो. सर्वांत आधी एक विनंती: स्टॅटिन (म्हणजे रोसुव्हास्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉलची गोळी), ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांपैकी एकही गोळी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बंद होऊ देऊ नका. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियन अभ्यासात सिम्व्हास्टॅटिनमुळे एकूण मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले होते. स्टेंट बसलेल्या माणसाच्या बाबतीत या तोडीचा पुरावा तुमच्या तीन डब्यांपैकी एकाकडेही नाही.

तिसऱ्या डब्याबद्दल मला अधिक काळजी वाटते. लाल यीस्ट तांदळात मोनॅकोलिन-के नावाचा घटक असतो आणि रासायनिकदृष्ट्या तो म्हणजेच लोव्हास्टॅटिन. याचा अर्थ वडील रोसुव्हास्टॅटिनच्या जोडीला नकळत दुसरे स्टॅटिन घेत आहेत, तेही किती मात्रेत हे कोणालाच ठाऊक नसताना, कारण अशा उत्पादनांत हे प्रमाण कमालीचे बदलते. युरोपीय संघाने २०२२ मध्ये दिवसाला ३ मिलिग्रॅमपेक्षा कमी अशी मर्यादा घातली ती याच कारणाने. २०२४ मध्ये जपानमध्ये एका कंपनीची लाल यीस्ट तांदळाची उत्पादने घेतलेल्या लोकांना मूत्रपिंडाचे विकार झाले आणि ती बाजारातून परत घ्यावी लागली. वडिलांचे मांड्या दुखणे हा डबा सुरू झाल्यानंतर वाढले का, एवढे मात्र नक्की आठवून पाहा आणि डॉक्टरांना सांगा.

ओमेगा-३च्या डब्याची मागची बाजू वाचा. पुढे मोठ्या अक्षरांत ‘१००० मिलिग्रॅम’ लिहिलेले असते, पण ते तेलाचे वजन असते. मागच्या बारीक अक्षरांत बहुधा ईपीए १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅम (हे ओमेगा-३चे दोन प्रकार) असे सापडेल. ज्या अभ्यासाचा दाखला विक्रेते नेहमी देतात, त्या २०१८च्या ‘रिड्यूस-इट’मध्ये स्टॅटिन चालू असूनही ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) वाढलेले राहिलेल्या रुग्णांना शुद्ध ईपीएचे औषध दिवसाला ४ ग्रॅम दिले होते, तेवढे ईपीए या कॅप्सूलमधून मिळवायचे तर रोज २०हून जास्त कॅप्सूल घ्याव्या लागतील. शिवाय त्या अभ्यासात तुलनेसाठी खनिज तेल वापरल्यामुळे निष्कर्षावर आजही वाद आहे. ईपीए आणि डीएचए एकत्र देऊन २०२० मध्ये झालेल्या ‘स्ट्रेंग्थ’ या अभ्यासात फायदा दिसला नाही, उलट हृदयाची लय बिघडण्याचे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचे प्रमाण वाढलेले आढळले. मधुमेह असलेल्या पण हृदयविकार नसलेल्या १५,४८० लोकांना ‘असेंड’ अभ्यासात रोज १ ग्रॅमची कॅप्सूल दिली होती. तिथेही हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात कमी झाला नाही.

घर शाकाहारी आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून डब्यावरची खूणही पाहून घ्या. माशाचे तेल असेल तर हिरव्याऐवजी तपकिरी खूण असेल. त्याच वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाचे वाक्यही असते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार ते छापणे बंधनकारक आहे, आणि काकांना दाखवण्यासारखा याहून चांगला कागद तुम्हाला मिळणार नाही.

आहारशास्त्र_पुणे

वरच्या उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. लसूण, हळद, दालचिनी, माशाचे तेल, वनस्पती स्टेरॉल आणि लाल यीस्ट तांदूळ या सहा पूरकांची तुलना रोसुव्हास्टॅटिनच्या अवघ्या ५ मिलिग्रॅम मात्रेशी करणारा एक अभ्यास अमेरिकेत २०२२ मध्ये मांडला गेला. २८ दिवसांत रोसुव्हास्टॅटिनने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सुमारे ३८ टक्क्यांनी उतरले; सहापैकी एकाही पूरकाने दिखाऊ (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा लक्षणीय घट केली नाही.

कोक्यू-१०बद्दल थोडे वेगळे सांगावे लागेल. हृदयाची पंपिंगची ताकद कमी झालेल्या ४२० रुग्णांना रोज ३०० मिलिग्रॅम देऊन केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी झालेले दिसले. परंतु तो रुग्णगट वेगळा होता. वडिलांच्या इको तपासणीत पंपिंग चांगले असेल, तर तो निष्कर्ष त्यांना लागू होत नाही. स्टॅटिनमुळे होणाऱ्या स्नायूदुखीवर त्याचा उपयोग होतो का, याचे पुरावे परस्परविरोधी आहेत.

मला मात्र तुमच्या प्रश्नात न आलेल्या एका गोष्टीची आठवण करून द्यायची आहे, ती म्हणजे बी-१२. शाकाहारी घर आणि अनेक वर्षांचे मेटफॉर्मिन ही जोडी असली की बी-१२ कमी असण्याची शक्यता बरीच असते, कारण मेटफॉर्मिनमुळे त्याचे शोषण घटते. रक्तातील बी-१२ची तपासणी करून घ्या आणि कमी निघाल्यास डॉक्टर सांगतील त्या मात्रेने भरून काढा. हे हृदयासाठीचे औषध समजून मात्र घेऊ नये. होमोसिस्टीन (रक्तातील एक घटक, तो वाढलेला असणे हृदयविकाराशी जोडले जाते) उतरवले की झटके कमी होतील या आशेने फॉलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ देऊन केलेल्या २००६च्या ‘होप-२’ अभ्यासात होमोसिस्टीन उतरले, हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत. बी-१२ हवे आहे ते नसा आणि रक्त यांच्यासाठी.

काही द्यायचेच असेल तर मी इसबगोल सुचवेन. रोज साधारण १० ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, भरपूर पाण्याबरोबर घेतल्यास एलडीएल साधारण ५ ते १० टक्क्यांनी उतरते आणि जेवणानंतरची साखरही थोडी आटोक्यात राहते. गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवा. जवसाची चटणी अवश्य खावी, मात्र जवसातील ओमेगा-३चे ईपीएमध्ये रूपांतर शरीरात फारच थोडे होते, तेव्हा तिला माशाच्या तेलाचा पर्याय म्हणता येणार नाही.

भाट्ये_किनारा (रत्नागिरी)

मी डॉक्टर नाही, बायपास झालेला रुग्ण आहे. अर्जुनाविषयी लिहितो, कारण माझ्याकडेही तो आस्थेने आणून दिला गेला होता. अर्जुनसालीचा क्षीरपाक (दुधात उकळलेला काढा) ही आपल्याकडची जुनी परंपरा आहे आणि तिचा अनादर करण्याचे काही कारण नाही; परंतु तिच्यावरचे आधुनिक अभ्यास लहान आहेत आणि तिच्यामुळे झटके टळतात असे त्यांतून सिद्ध झालेले नाही. अर्जुनारिष्ट घेण्याचा विचार कोणी सुचवला, तर त्यात गूळ असतो आणि आंबवण्यातून तयार झालेले अल्कोहोलही असते, हे मधुमेही माणसाने लक्षात घ्यावे. घ्यायचेच झाले तर वैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांनाही सांगून घ्यावे.

खरी अडचण मला वडिलांच्या मांड्यांची दिसते, कारण गोळी सोडण्याची इच्छा तिथून आली आहे. ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे त्यांना कृपया म्हणू नका. २०२० मध्ये ‘सॅमसन’ नावाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० लोकांना काही महिने स्टॅटिन, काही महिने दिखाऊ गोळी आणि काही महिने काहीच न देता ठेवले, तेव्हा स्टॅटिनने जाणवलेल्या त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग दिखाऊ गोळीनेही जाणवला. त्रास खरा होता, कारण फक्त बरेचदा औषधातले नव्हते. तेव्हा डॉक्टरांना सीपीके (स्नायूंना इजा झाली आहे का हे दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व यांच्या तपासणीबद्दल विचारा. मात्रा कमी करणे, दुसरे स्टॅटिन देणे, इझेटिमाइब या कोलेस्टेरॉलच्या वेगळ्या औषधाची जोड देणे असे बरेच मार्ग त्यांच्याकडे असतात. वडिलांना गोळी सोडण्याऐवजी गोळी बदलण्याचा पर्याय दिसला, तर काकांच्या डब्यांची ओढ आपोआप कमी होईल असे मला वाटते.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांची तक्रार डब्यांच्या आधीपासूनच होती, पण आईच्या म्हणण्यानुसार दिवाळीनंतर ती वाढली आहे. तिसरा डबा आजपासून बंद केला आहे. पुढच्या भेटीला तिन्ही डबे पिशवीत घालून नेणार आहे आणि तपासण्यांची यादीही सोबत ठेवणार आहे. आणखी एक शंका आहे: काकांनी स्वयंपाकासाठी कमी सोडियमचे मीठही दिले आहे. ते तरी चालेल ना?

गोदावरी_फार्मा (नाशिक)

ते मीठ वापरण्याआधी नक्की विचारा. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील ६०० खेड्यांतल्या अभ्यासात अशा मिठाने पक्षाघात सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाले, म्हणजे वस्तू वाईट नाही. परंतु टेल्मिसार्टनमुळे शरीरातील पोटॅशियम वाढू शकते, आणि मधुमेहामुळे मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल तर ते धोकादायक पातळीपर्यंत जाऊ शकते. सीरम क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम यांचे ताजे अहवाल पाहून डॉक्टरांनी होकार दिला, तरच ते मीठ स्वयंपाकात घ्या. तोपर्यंत नेहमीचेच मीठ कमी वापरा आणि लोणचे-पापड आवरते घ्या.