अनुभव धागा: 'टर्मिनेटर २' तुम्ही कधी, कुठे, कसा पाहिलात?

पडद्यामागचा:
परवा 'पहिल्यापेक्षा सरस निघालेले दुसरे भाग' यावर गप्पा रंगल्या आणि निम्म्या मंडळींच्या तोंडी हेच नाव आलं. म्हणून हा वेगळा धागा. १९८४चा पहिला 'टर्मिनेटर' जेम्स कॅमेरॉनने साधारण ६४ लाख डॉलरमध्ये उरकला होता. ३ जुलै १९९१ला आलेल्या दुसऱ्याचा खर्च १० कोटींच्या घरात गेला आणि तोवरचा सर्वांत महागडा सिनेमा म्हणून त्याचा गवगवा झाला. समीक्षा नको, ती ढिगाने पडली आहे. तुम्ही तो कसा पाहिलात, काय डोक्यात राहिलं, पडद्यामागचं काय कळल्यावर चाट पडलात, ते लिहा. गोष्ट फुटेल याची काळजी नको, तीन दशकं उलटून गेली आहेत.

चिंचपाणी:
माझं नशीब असं की बाबांनी एक अक्षर सांगितलं नाही. आदल्या रात्री पहिला भाग दाखवला. त्यात भविष्यातून आलेलं मारेकरी यंत्र झालेला श्वार्झनेगर म्हणजे साक्षात काळ. दुसऱ्या दिवशी हा लावला. भविष्यातून दोघं येतात. एक तोच धिप्पाड, दुसरा पोलिसाच्या गणवेशातला, शिडशिडीत, गोड बोलणारा. अर्थात मी पोलिसाच्या बाजूने! मॉलच्या मागच्या बोळात दोघंही एकदमच जॉनपर्यंत, म्हणजे नायिका साराच्या पोरापर्यंत, पोचतात, गुलाबांच्या खोक्यातून बंदूक निघते, आणि धिप्पाड माणूस पोराला खाली वाकायला लावून पोलिसावर गोळी झाडतो. मी सोफ्यावर उभीच राहिले. बाबा टीव्हीकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. नंतर कळलं की सिनेमा आला तेव्हा जाहिरातींनीच हे गुपित फोडून टाकलं होतं. दिग्दर्शकाने जवळपास अर्धा तास खपून मांडलेला डाव, आणि विकणाऱ्यांनी तो आधीच उधळला.

रोटोवाला:
गोरेगावला एका व्हीएफएक्स स्टुडिओत रात्रपाळीला रोटो करायचो. म्हणजे एकेक फ्रेम घेऊन माणसांच्या कडा कोरत बसायचं. तिथला एक सीनियर काम कमी असलं की हा सिनेमा तुकड्यातुकड्याने लावायचा, मध्येच थांबवायचा आणि विचारायचा, "बोला, संगणकाचं की हाताचं?" पैजा चहावर लागायच्या.

टी-१०००, म्हणजे तो पोलिसाच्या रूपातला वितळणारा यंत्रमानव, डोक्यात इतका भिनलेला असतो की अख्खा सिनेमा संगणकावर केलाय असं वाटतं. प्रत्यक्षात आयएलएम या व्हीएफएक्स स्टुडिओमध्ये डेनिस म्युरेनच्या चमूने केलेला संगणकी टी-१००० पडद्यावर जेमतेम पाचेक मिनिटं दिसतो. त्याआधी १९८९मध्ये 'द अबिस'साठी त्यांनी माणसाचा चेहरा धारण करणारा पाण्याचा लोळ केला होता, तिथे हात बसला. बाकीची बरीच जादू बाहुल्या आणि मुखवटे घडवणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यातली. गोळी लागल्यावर छातीवर उमलणारी चंदेरी फुलं आठवतात? ती फोम रबरची, वर धातूसारखी झळाळी, खाली स्प्रिंग. कपड्याला आधीच चिरा दिलेल्या. दुरून खटका सोडला की फूल फटकन उघडायचं. दुभंगलेलं डोकं हीसुद्धा बाहुलीच. संगणकाने काय केलं, तर जखम मिटवली. उघडणं हाताचं, मिटणं संगणकाचं, आणि मधला सांधा शोधायला गेलात तर डोळे दुखतील, सापडणार नाही.

माझा सगळ्यांत आवडता प्रसंग मात्र साराला कोंडून ठेवलेल्या मनोरुग्णालयातला. पहारेकरी यंत्रातून कॉफी घेतोय आणि मागे फरशीतून त्याचाच अवतार उगवतोय. फरशीतून उठणारा आकार संगणकाचा. पण समोरासमोर उभे ठाकलेले दोघं म्हणजे डॉन आणि डॅन स्टँटन, खरेच जुळे भाऊ! ज्या शॉटवर आमचा आठवडा गेला असता तो कलाकार निवडतानाच निकालात निघाला होता.

कानसेन:
@रोटोवाला, आवाजाचीही तीच तऱ्हा. वितळलेलं माणूसयंत्र गजांमधून आरपार जातं, त्याचा आवाज कुठून आणणार? सिनेमाचे आवाज घडवणाऱ्या गॅरी रायडस्ट्रॉमने कुत्र्याच्या खाण्याचा डबा उलटा धरला आणि आतला गोळा हळूहळू घसरतानाचा आवाज टिपला. टी-१०००च्या अंगात गोळ्या रुततात तिथे दह्यात उपडा पेला आपटला. ध्वनिमुद्रण शिकत होतो तेव्हा आम्ही मेसमधलं दही पळवून हा प्रयोग केला. उथळ भांड्यात नुसतंच 'पचक' होतं, बादलीभर दही लागतं. मेसच्या मावशींनी नंतर आमचा जो उद्धार केला तो मात्र फार स्वच्छ रेकॉर्ड झाला. या सिनेमाला चार ऑस्कर मिळाली, त्यातली दोन आवाजाच्या विभागांतली. लोक फक्त दृश्यांचं बोलतात.

निशिगंध:
नागपूरला हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये, मुलींच्या गराड्यात पाहिला. सारा पहिल्यांदा दिसते ती उभ्या केलेल्या पलंगाला लटकून पुलअप्स काढताना. आमच्यात एकदम शांतता, मग शिट्ट्या. पहिल्या भागातली घाबरलेली वेट्रेस ती हीच, यावर विश्वास बसेना. लिंडा हॅमिल्टनने त्यासाठी इस्रायली कमांडोच्या हाताखाली महिनोन् महिने तालीम केली होती. लिफ्टमधल्या गोळीबाराच्या वेळी कानात बोळे घालायचे राहिले आणि एक कान कायमचा अधू झाला, हे वाचल्यापासून तो प्रसंग मला बघवत नाही. हिचीही जुळी बहीण होती बरं का, लेस्ली. शेवटी पोलादाच्या कारखान्यात दोन सारा दिसतात ना, तिथे ती उपयोगी पडली.

पण आता स्वतः आई झाल्यावर रुतून बसतो तो गाडीतला क्षण. मनोरुग्णालयातून सुटका झाल्यावर सारा जॉनला जवळ ओढते, त्याला वाटतं आईने मिठी मारली. ती कुठे लागलंय का ते चाचपत असते. वर त्यालाच झापते, मला सोडवायला आलासच का म्हणून. पोराचा चेहरा असा उतरतो की... असो.

जुनाखोड:
थोडा विरोधी सूर लावतो. भीती वाटते ती पहिल्याच भागात. दुसऱ्यात रोबो पोराच्या सांगण्यावरून कुणाला ठार मारत नाही, नुसत्या गुडघ्यांवर गोळ्या घालतो. विनोद म्हणून ठीक, पण धाक गेला. शिवाय पहिल्या गोष्टीत जे व्हायचं ते होतंच, सुटका नाही. इथे यंत्रं २९ ऑगस्ट १९९७ला घडवणार असलेला अणुसंहार टाळता येईल अशी आशा लावली आहे. मला ते गोड वाटतं.

एक मान्य. पहिल्या भागात चिरडलेल्या यंत्राची चिप आणि हात सायबरडाइन कंपनीच्या तिजोरीत पोचतात, आणि त्यावरून तिथला संशोधक माइल्स डायसन जे घडवतोय त्यातूनच पुढे स्कायनेट, म्हणजे माणसांवर उलटणारी संगणकयंत्रणा, जन्मणार. स्वतःच्याच भंगारातून स्वतःचा जन्म! सारा त्याला मारायला जाते, त्याचं पोरगं मध्ये येतं, आणि तिचा हात थांबतो. यंत्रासारखी होत चाललेली बाई तिथे पुन्हा माणूस होते. हा प्रसंग पहिल्या भागात असता तर मी वाद घातलाच नसता.

पॅसिफिककाठचा:
मी लॉस एंजेलिसजवळ राहतो. ट्रकचा पाठलाग होतो तसले काँक्रीटचे कोरडे कालवे इथे जागोजाग आहेत. भारतातून कुणी पाहुणे आले की आधी तेच बघायचे असतात, डिस्नेलँड नंतर. शेवटचा कारखाना फाँटानातला, कैसर स्टीलचा. चित्रीकरणाच्या वेळी तो बंद पडलेला होता. पडद्यावर धगधगतोय तो सगळा दिव्यांचा खेळ, आत कलाकार थंडीने काकडत होते. पुढे एका चिनी कंपनीने तिथली यंत्रसामग्री सुटी करून नेली, आणि कारखान्याच्या जागेवर १९९७मध्ये मोटारशर्यतींचा ट्रॅक उघडला. त्यामुळे तिथे जाऊन बघण्यासारखं काही नाही, आधीच सांगून ठेवतो.

दोन_पोरांचा_बाप:
मुलांना दाखवायचा आहे. यूट्यूबवर म्हातारी सारा बागेत बसलेली असा शेवट दिसला. तो असलेली प्रत घ्यावी का?

पडद्यामागचा:
@दोन_पोरांचा_बाप, नको. तो २०२९मधला शेवट चित्रित करून कॅमेरॉनने काढून टाकला, बरंच केलं. त्यात सगळंच आलबेल होतं. चित्रपटगृहातली १३७ मिनिटांची प्रत घ्या, २०१७ची थ्रीडी आवृत्तीही तीच आहे. पाव तासाने मोठी विशेष आवृत्ती नंतर स्वतःसाठी बघा, त्यात आरशासमोर रोबोचं डोकं उघडतात तो प्रसंग आहे. आरसा नाहीच, भिंतीला भोक आहे. अलीकडे लेस्ली आणि खोटं डोकं, पलीकडे खरी लिंडा आणि खरा श्वार्झनेगर! मुलांची वयं काय? दहाच्या आत असतील तर थांबा. साराला स्वप्नात खेळाच्या मैदानावर अणुस्फोट दिसतो, तो मोठ्यांनाही जड जातो.