युरिया बंद करा म्हणता, मग नत्र कुठून आणायचं?

काळी_जमीन: "एक गाय, ३० एकर, खर्च शून्य" हा नैसर्गिक शेतीचा मेसेज पुन्हा फिरतोय: युरिया बंद करा, एका गाईच्या शेण-गोमूत्राचं जीवामृत पुरतं म्हणे. कोरडवाहूवाल्याला खड्ड्यात घालायचे धंदे आहेत हे. कोरडवाहू संकरित कपाशीला एकरी साधारण २४ किलो नत्र लागतं. २०० लिटर जीवामृतात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २-२ किलो गूळ-बेसन; नत्र पाव किलोच्या आसपास. ते जमिनीतले जिवाणू वाढवणारं विरजण आहे, दूध नाही. दूध म्हणजे शेणखत. एकरी ५ टन टाकलं तर २५ किलो नत्र, त्यातलंही पहिल्या साली जेमतेम तिसरा हिस्सा मोकळा होतो. युरिया एकदम तोडला की ऑगस्टात पऱ्हाटी (कपाशीचं झाड) पिवळी पडते आणि शेतकरी पुढल्या वर्षी दुप्पट गोण्या टाकतो. निम्मा युरिया, मग पाव, असं तीन-चार वर्षांत उतरवा.

देशी_वाण: नत्र काय फक्त गोणीतच असतं? कपाशीत तुरीचे तास घाला, मधे मूग-उडीद. शेंगा तोडा, झाडोरा तिथंच गाडा. कोरडवाहूला अकोल्याची एकेए-७ ही देशी कपाशी लावा, मुळी खोल जाते, तुडतुडे कमी. २०१७ ला अळी मारणारं बीटी बियाणं असून गुलाबी बोंडअळीनं वावरं खाल्ली, यवतमाळात कीटकनाशकाच्या फवारणीनं माणसं गेली. तो खर्च कोणत्या खात्यात?

पऱ्हाटीवाला: मूग लावा म्हणून रायले, निंदायले बाई कुठी भेटते? म्हणून तं लोक चोरबीटी, तणनाशक मारलं तरी न जळणारं बिनपरवान्याचं बियाणं, लावतात. अन् देशीचं बोंड लहान, वेचाई जास्त, आखूड धाग्याले भाव कोण देते?

देशी_वाण: चोरबीटीवर तणनाशक मारलं की तूरही जळते, मूगही. आंतरपीक तिथंच संपलं. अळीचं मूळ तुमच्या फरदडीत आहे, म्हणजे वेचणी संपल्यावरही पीक उभं ठेवण्यात. डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटा, बांधावर रचून ठेवू नका. एकरी २ कामगंध सापळे लावा, मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे. सलग ३ रात्री दर सापळ्यात रोज ८ पतंग आले, तरच फवारा. डोमकळ्या (आत अळी असलेली, न उमललेली फुलं) दिसल्या की तोडून नष्ट करा. भावाचं मात्र खरं आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

धुरा_राखणारा: शेणाचा हिशोब करता, ढोरं कुठं आहेत? ज्वारी गेली म्हणून कडबा गेला, कडबा गेला म्हणून ढोरं गेली. आणि ज्वारी घालवली रोही (नीलगाय) अन् रानडुकरांनी. कणीस दुधात आलं की एका रात्रीत वावर आडवं. त्यावर बोला!

काळी_जमीन: झटका मशीन लावा, कुंपणाच्या तारेत जीव न घेणारा हलका झटका सोडणारं.

धुरा_राखणारा: लावा म्हणे! तारेला गवत टेकलं की करंट जमिनीत जातो. उन्हाळ्यात अर्थिंगची जागा सुकली की झटकाच बसत नाही. डुकरासाठी खालची तार वीतभर उंचीवर पाहिजे, तिथंच गवत वाढतं. रोही तर वरून उडी मारतो. शहरात बसून सल्ले सोपे.

काळी_जमीन: मग गवत कापा ना! अर्थिंगचे रॉड दोन-तीन ठोका, पाणी घालत राहा. आणि लाईनचा थेट करंट सोडणाऱ्यांची बाजू घेऊ नका, त्यात माणसं मरतात.

धुरा_राखणारा: कोणी घेतली बाजू? मी एकट्याच्या कुंपणाबद्दल बोलतोय. एकानं लावलं की कळप शेजाऱ्याच्या वावरात. शिवाराचं एकच कुंपण पाहिजे.

पऱ्हाटीवाला: हे पटलं बापा. पण वर्गणी गोळा कराले गेले का अर्धे लोक बाजारात असतात.

देशी_वाण: तोवर युरिया सोडायचा प्रयोग सगळ्या वावरात नको, एका एकरात करा. सापळे मात्र शिवारभर पाहिजेत, पतंगाला धुरा-बांध दिसत नाही.

काळी_जमीन: आणि त्या एकराला शेणखत मे महिन्यातच, कुजलेलं. कच्चं टाकाल तर मुळं खाणारी हुमणी येईल, मग मला विचारू नका.