मदत हवी आहे : रोहतांगजवळचे अपोलो फुलपाखरू नेमके कोणते?

रोहतांग खिंडीच्या लाहौलकडील उतारावर, जुलैमध्ये, साधारण ३,८०० मीटर उंचीवर टिपलेल्या एका अपोलो फुलपाखराची ओळख पटवण्यासाठी जाणकारांचे साहाय्य हवे आहे. पारनॅसियस या प्रजातीबद्दल, म्हणजे जवळच्या जातींच्या या गटाबद्दल, मला शंका नाही, कारण जणू मेणकागदाचे असावेत असे अर्धपारदर्शक पांढरट पंख आणि त्यांवरील काळ्या कडेचे लाल ठिपके स्पष्ट दिसतात. प्रश्न आहे तो जातीचा.

मागच्या पंखांच्या कडेलगत निळ्या केंद्राच्या काळ्या ठिपक्यांची ओळ असेल, तर ते कॉमन ब्लू अपोलो, म्हणजे पारनॅसियस हार्डविकी, असे मानले जाते. माझ्या छायाचित्रात ते ठिपके आहेत, परंतु निळी छटा फक्त दोन ठिपक्यांत, तीही तिरप्या उन्हात, जाणवते. बाकीचे ठिपके निव्वळ काळे भासतात आणि त्यामुळे कॉमन रेड अपोलो, म्हणजे पारनॅसियस एपाफस, ही शक्यता मला सोडवत नाही. पंखांवरील खवले झिजल्यामुळे निळा रंग इतका पुसट होऊ शकतो का?

फुलपाखरू मादी असून तिच्या पोटाच्या टोकाखाली मीलनाच्या वेळी नराने बसवलेले कडक आवरण एका बाजूने दिसते. या आवरणाचा आकार जातीनुसार बदलतो, म्हणून केवळ बाजूच्या दृश्यावरून त्याचा आधार घेता येईल का, हेही कृपया सांगावे. नमुना पकडलेला नसल्याने जे काही ठरवायचे ते छायाचित्रांवरूनच ठरवावे लागेल. वरच्या व खालच्या बाजूची मूळ छायाचित्रे सोबत जोडली आहेत. रंगांत कोणताही फेरफार केलेला नाही.