वर्ड्‌स्वर्थचं सुनीत: टीका की कबुली?

खारावारा
बारावीतल्या मुलीला इंग्रज कवी वर्ड्‌स्वर्थचं 'द वर्ल्ड इज टू मच विथ अस' हे सुनीत (चौदा ओळींची कविता) शिकवताना काल अडलो. गाइडमध्ये एका ओळीत निकाल: कवी भौतिकवादावर टीका करतो. एवढंच असेल तर ही कविता दोनशे वर्षं टिकलीच नसती.

थोडक्यात आशय असा: कमावण्या-उधळण्यात आपण स्वतःला संपवलं, काळीजही देऊन बसलो. समोर समुद्राने चंद्रापुढे छाती उघडी केली आहे, एरवी अष्टौप्रहर घोंघावणारे वारे झोपलेल्या फुलांसारखे मिटले आहेत, आणि आपल्याला काहीच होत नाही. मग एकदम, देवा, त्यापेक्षा जुन्या, विटलेल्या श्रद्धेच्या दुधावर वाढलेला पेगन (ख्रिस्ती धर्माआधीचे देव मानणारा) असतो तर बरं! या कुरणावर उभं राहून ग्रीकांचा समुद्रदेव प्रोटियस समुद्रातून वर येताना दिसला असता, दुसरा समुद्रदेव ट्रायटन याचा शंख ऐकू आला असता.

मला ही टीका वाटत नाही, कबुली वाटते. दोष दाखवताना सगळीकडे 'आपण' आहे. 'तुम्ही लोक' एकदाही नाही.

बांधावरून
मला तो 'आपण'च खटकतो. १८४४ मध्ये त्याच्या डोंगर-तळ्यांच्या मुलखात केंडल-विंडरमिअर रेल्वे येणार म्हटल्यावर याच कवीने वर्तमानपत्रात पत्रं लिहून विरोध केला. निसर्ग बघायला नजर तयार व्हावी लागते, गिरणीकामगारांना गाड्या भरून इथे आणून त्यांचं काही भलं होणार नाही, असा त्यातला एक मुद्दा होता. दिवसाचे बारा तास यंत्रापुढे उभ्या असणाऱ्याने काळीज 'दिलं' नव्हतं हो, त्याच्याकडून ते काढून घेतलं होतं. देणारा आणि ज्याचं हिरावलं तो, दोघांना एकाच 'आपण'मध्ये कोंबायचं?

खारावारा
दिलं आणि काढून घेतलं, हा फरक मला सुचला नव्हता. मुलीला नक्की सांगेन. त्या पत्रांची बाजू मी घेणार नाही.

पण कविता १८०२ च्या सुमाराची आहे, छापली १८०७ मध्ये. वडील ज्या लॉर्ड लॉन्सडेलकडे नोकरीला होते, त्याने त्यांचे पैसे थकवले होते. वडील १७८३ मध्ये गेले, तरी भावंडांना ते मिळाले नाहीत. १८०२ मध्ये लॉर्ड वारला, वारसाने देणं मान्य केलं, आणि त्याच ऑक्टोबरात कवीचं लग्न झालं. पैशाचा हिशेब त्याच्याही घरात चालू होता. 'आपण' म्हणताना तो स्वतःला वगळत नाही.

पाटीपेन्सिल
चरित्र बाजूला ठेवा, नववी ओळ मोठ्याने वाचा. या प्रकारच्या सुनीतात आठ ओळी झाल्या की वळण येतं. इथे आधीचं वाक्य नवव्या ओळीत सांडतं, 'आपलं मन हलत नाही' म्हणून थांबतं, आणि त्याच ओळीच्या मध्यात 'ग्रेट गॉड!' फुटतं. माणूस बोलता बोलता आवंढा गिळतो तसं. आणि ओरडतो काय? देवाचंच नाव घेऊन देवाचा धर्म सोडायची इच्छा. तेव्हाच्या ख्रिस्ती वाचकाला हे किती लागलं असेल! मराठीत 'मूर्तिपूजक' म्हटलं की तो धक्का पार जातो, आपल्याला त्यात वावगं काय ते कळत नाही. म्हणून भाषांतरातही 'पेगन'च ठेवावं.

आणखी एक. पाचव्या ओळीत समुद्राची उघडी छाती आहे, दहाव्यात दूध पिऊन वाढणं. आई समोर आहे, लेकरू तिला ओळखत नाही. माझ्या दृष्टीने कवितेचं मर्म या दोन ओळींत आहे.

बांधावरून
हे वाचन फार आवडलं. तरी माझी शंका जात नाही. वारे फुलांसारखे मिटलेले ज्याला दिसतात, तो 'काही होत नाही' म्हणतो ते खरं कसं मानायचं? आणि एवढा समुद्र समोर असताना ग्रीकांचे देव कशाला हवेत?

खारावारा
दिसणं आणि हलणं एक नाही ना! आईच्या आजारपणात रोज संध्याकाळी मी खिडकीतून मावळतीचे रंग बघायचो. सगळे दिसायचे, आत काही पोचायचं नाही. आणि देवांकडून तो आनंद मागतच नाही. 'थोडा कमी उदास झालो असतो', एवढंच म्हणतो.

बांधावरून
कमी उदास. हे शब्द माझ्या नजरेतून सुटले होते. पण गिरणीतून सुटलेल्या माणसालाही तेवढंच हवं होतं, आणि त्यासाठी त्याला ती रेल्वे लागत होती.