नावावरून फंक्शन: पीएचपीतून गोमध्ये नेताना
पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत स्ट्रिंगमध्ये (म्हणजे मजकुरात) फंक्शनचं नाव ठेवून पुढे कंस दिला की ते फंक्शन चालतं, काम झालं. गो भाषेत तसं होत नाही, मग प्रत्येक नावासाठी वेगळी शाखा असलेला लांबलचक स्विच-केस लिहायचा का, असं तुम्ही विचारलंय. मी तरी लिहिणार नाही. गोमध्ये पॅकेजमधलं साधं फंक्शन चालू प्रोग्रॅमला नावाने शोधताच येत नाही. गोच्या रिफ्लेक्ट पॅकेजमधलं मेथडबायनेम आहे, पण ते फक्त मेथडसाठी, म्हणजे एखाद्या टाइपला जोडलेल्या फंक्शनसाठी, आणि त्याही कॅपिटल अक्षराने सुरू होणाऱ्या. शिवाय नाव आधी ठरलेलं नसेल तर कुठली मेथड लागेल हे लिंकरला (कोडचे तुकडे जोडून अंतिम प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाला) कळत नाही. मग तो न वापरलेल्या मेथडही ठेवतो आणि बायनरी, म्हणजे तयार प्रोग्रॅमची फाइल, फुगते.

त्यापेक्षा सरळ मॅप करा: की म्हणजे नाव, व्हॅल्यू म्हणजे फंक्शन. सगळ्यांची सिग्नेचर (काय घेतं, काय परत देतं) मात्र एकच हवी, आणि खरी मेहनत तिथेच आहे. मॅपमधलंच एखादं फंक्शन पुन्हा त्या मॅपकडे बघत असेल तर कंपायलर इनिशियलायझेशन सायकलची, म्हणजे दोघं सुरुवातीलाच एकमेकांवर अवलंबून असल्याची, तक्रार करतो. तेव्हा मॅप इनिट फंक्शनमध्ये भरा, ते प्रोग्रॅम सुरू होताना आपोआप चालतं.

मी स्वतः फसलो ते वेगळ्याच ठिकाणी. पीएचपीत फंक्शनच्या नावात लहान-मोठी इंग्रजी अक्षरं (स्मॉल-कॅपिटल) सारखीच धरली जातात. फंक्शनची नावं ठेवलेल्या जुन्या टेबलात कोणी नाव कसंही लिहिलेलं असलं तरी तिथे चालून जायचं, गोच्या मॅपमध्ये सापडेना. दोन्हीकडे लोअरकेस केलं तेव्हा सुटलो.

आणि नाव युआरएलमधून येत असेल तर मॅपमुळे आयती चाळणीही मिळते: मॅपमध्ये नसलेलं नाव चालतच नाही. जुन्या कोडात ती होती का, तेवढं बघून घ्या.