मदत हवी आहे: दुपारच्या झळांमध्ये लेझरचा आरसा टोकाला जाऊन अडकतो

नमस्कार मंडळी,

नागपूरला एम.टेक. करतोय, प्रकल्प अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्सचा. उपग्रहावरून आलेला लेझर जमिनीवर फायबरच्या ९-१० मायक्रॉनच्या गाभ्यात उतरवायचा, तर हवेनं सुरकुतवलेली प्रकाशलहर आधी आरशानं सरळ करावी लागते, तीही सेकंदाला शेकडो वेळा. उपग्रह हाताशी नाही, म्हणून हिंगणा रोडकडच्या दोन गच्च्यांमध्ये १८० मीटरवर ६५० नॅनोमीटरचा लहान लेझर लावलाय. पलीकडे ८० मिमीची दुर्बीण, तिच्यामागे नुसता झुकणारा पिझो (विजेच्या दाबानं किंचित हलणारा) आरसा आणि शॅक-हार्टमान सेन्सर. सेन्सर म्हणजे बारीक भिंगांची जाळी, प्रत्येक भिंगामागे एक ठिपका. ठिपका सरकला की तिथे लहर किती कलली ते कळतं. कॅमेरा सेकंदाला २०० फ्रेम देतो.

पहाटे साडेपाचला ठिपके रांगोळीसारखे जागच्या जागी असतात. साडेदहानंतर मधल्या पत्र्याच्या शेडवरून झळा उठतात. ठिपके आधी थरथरतात, मग कडेचे दोन-तीन चक्क विझतात, आणि त्याच क्षणी आरसा एका टोकाला जाऊन बसतो. फायबरमध्ये शून्य.

गेन, म्हणजे मोजलेल्या चुकीच्या किती पट आरसा हलवायचा ते प्रमाण, निम्मा करून पाहिला. आमच्या गच्चीला चुना मारला, त्यानं थोडा फरक पडला. ठिपक्यांच्या हालचालीवरून फ्रीड लांबी (एवढ्या रुंदीपर्यंत लहर जवळपास सपाट राहते) काढली: पहाटे दुर्बिणीच्या तोंडापेक्षा मोठी, दुपारी जेमतेम २ सेंमी. एरवी बिघाडातला ८७ टक्के भाग निव्वळ झुकावाचा असतो, पण ८० मिमीला २ सेंमी म्हटल्यावर झुकाव काढूनही लहरीत सुमारे १.३ रेडियन-वर्ग इतका बिघाड उरतो, म्हणजे बराच. म्हणून सर म्हणतात, आकार बदलणारा आरसा घ्या. त्यात सगळं बजेट जाईल. मला वाटतं आधी वेगवान कॅमेरा हवा. नवतपा लागायच्या आत ठरवायचंय. काय करू?

प्रतिसाद

अजून काहीच विकत घेऊ नका. ठिपक्याचं केंद्र काढताना त्याच्या भिंगामागच्या चौकोनातल्या एकूण उजेडानं भागता ना? भिंग अंधारलं की तिथे फक्त कॅमेऱ्याची खरखर उरते, केंद्र कुठेही उडतं आणि आरसा त्यामागे धावतो. ठरावीक उजेडाखालचे ठिपके त्या फ्रेमपुरते गाळा, उरलेल्यांना उजेडाप्रमाणे वजन द्या.

हे विझणं आडव्या मार्गावर जास्त छळतं. लांबच्या हवेनं वाकवलेली लहर पुढे येता येता उजेड-अंधारात बदलते. उपग्रहाच्या वाटेत खवळलेली हवा बहुतेक दुर्बिणीजवळच असते. शिवाय खरा दुवा बहुधा १५५० नॅनोमीटरवर, तिथे याच हवेत फ्रीड लांबी २.८ पट होते.

कॅमेऱ्याबद्दल मात्र तुमचं बरोबर. वारा ३ मीटर प्रतिसेकंद धरला तर २ सेंमीला ग्रीनवुड वारंवारता (हवा किती झपाट्यानं बदलते याचं माप) ६४ हर्ट्झ येते, आणि २०० फ्रेमच्या लूपची, म्हणजे मोजून आरसा हलवायच्या चक्राची, पोच साधारण २० हर्ट्झ. उपग्रहासाठी तर वेग हवाच. ५०० किमीवरचा उपग्रह डोक्यावरून जाताना दुर्बीण सेकंदाला जवळपास ०.८५ अंश फिरते, त्यामुळे १ किमीवरची हवा तिला १५ मीटर प्रतिसेकंदानं सरकताना दिसते. मंद लूपला महागडा आरसा जोडून पैसे जातील.

धागाकर्ता

मनापासून आभार! काल रात्री कोड बदलला, आज साडेअकराला चालवला. कडेचे ठिपके विझले, आरसा जागचा हलला नाही. फायबरमधला उजेड अजून लुकलुकतोय, पण तुटत नाही. उद्या आजच्या चाचणीचा आलेख सरांसमोर ठेवून कॅमेऱ्याचं बोलतो. उजेडाची मर्यादा सध्या सरासरीच्या एक-पंचमांश ठेवलीय. कुणी याहून वेगळी वापरत असेल तर सांगा.